आठवी ‘ब’चा गडी

आठवी ‘ब’च्या वाट्याला माझी चिठ्ठी आली, तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली आणि आमच्या क्लबच्या इंगवले साहेबांना म्हणाली, “बदलून मिळेल का?”

सोमवारची सकाळ होती. इचलकरंजीतल्या त्या मुलींच्या शाळेच्या हॉलमध्ये चारशे पोरी मांडी घालून बसल्या होत्या. समोर स्टेजवर आम्ही बाराजण कातडी सूट घालून, मांडीवर हेल्मेट धरून खुर्च्यांवर बसलो होतो. इंगवले साहेबांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्यात आमच्या नावांच्या चिठ्ठ्या.

“बदलून मिळायला हा काय कापडाचा तागा आहे?” साहेब म्हणाले.

हॉलभर हशा पिकला. ती मुलगी मात्र हसली नाही. दोन घट्ट वेण्या, काटकुळे हात, आणि तोंडावर हिशेब चुकलेल्या दुकानदारासारखा भाव.

“पण हे बारापैकी बारावे आहेत,” ती म्हणाली. “मागच्या वर्षीचा तक्ता पेपरात आला होता.”

“बस खाली, पद्मजा,” कडेला उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. ती बसली. मी हेल्मेटच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत राहिलो.

माझं नाव उत्तम बिरंजे. त्या वेळी माझं वय एकतीस. दिवसा मी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे बंद पडलेले माग चालू करायचे. आणि हिवाळ्यातल्या रविवारी मी स्पीडवे चालवायचो. ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. तीनशे मीटरचा मातीचा लंबगोल ट्रॅक. एका शर्यतीत चार गाड्या, चार फेऱ्या, सगळा मिळून सव्वा मिनिटाचा मामला. गाडीला गिअर एकच, आणि ब्रेक नसतो. वळणं सगळी डावीकडची. वळणावर डावा पाय मातीत टेकवायचा, त्या बुटाला लोखंडी तळ असतो, आणि मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरू द्यायचं. घसरतच वळायचं. सरळ उभ्या गाडीनं ते वळण घेताच येत नाही.

गावाबाहेरच्या माळावर आमचा हा ट्रॅक होता. एके काळी तिथं पाय ठेवायला जागा नसायची म्हणतात. मी चालवायला लागलो तोवर माणसं हटायला लागली होती, आणि त्या वर्षी तर स्टँडमध्ये दीडदोनशे म्हातारी मंडळीच उरली होती. त्यातले निम्मे पेंगायचे. पोरं सगळी क्रिकेटकडं आणि टीव्हीकडं. इंगवले साहेब क्लबचे सेक्रेटरी. त्यांनी आम्हाला दिवाळीत बोलावून सांगितलं होतं, “ह्या हंगामात नवी पोरं आली नाहीत तर मी कुलूप लावणार. रिकाम्या पायऱ्यांसमोर तुमचे हातपाय मोडायला मला आवडत नाही.”

आणि मग त्यांनीच ही शक्कल काढली. आठवी ते दहावी बारा तुकड्या, आमचे बारा गडी. प्रत्येक तुकडीला एक गडी. जिचा गडी पुढं, ती तुकडी पुढं.

चिठ्ठ्या झाल्यावर प्रत्येकानं आपापल्या वर्गात तासभर बोलायचं होतं. दहावी ‘अ’ला विक्रांत देशिंगकर मिळाला होता, आमचा तीन वर्षांचा विजेता. भिंतीपलीकडून टाळ्यांचा कडकडाट येत होता. आठवी ‘ब’त शांतता. मी ब्रेक नसतो ते सांगितलं, त्यावर थोड्या पोरी पुढं सरकल्या. लोखंडी बूट काढून दाखवला, तो हातोहात फिरला. मग पद्मजा मगदूमनं विचारलं, “तुम्ही शेवटचे का येता?”

“गाडीचा कार्ब्युरेटर धड नाही,” मी म्हणालो. “पेट्रोल नीट पोचत नाही. वेग तुटतो.”

तिनं ते वहीत लिहून घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही सरावाला जमलो, तर कुंपणापाशी आठवी ‘ब’ उभी. चाळीसच्या चाळीस. बरोबर हिरेमठ बाई, त्यांच्या वर्गशिक्षिका आणि शाळेच्या खो-खोच्या प्रशिक्षक. पदर खोचलेला, गळ्यात शिट्टी. पोरींच्यात दोन स्टॉपवॉच होती, खो-खोच्या सामान-पेटीतली. पद्मजा आणि मेहरून जमादार नावाची एक उंच पोरगी, दोघी दोन वळणांच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. मेहरून संघाची कॅप्टन होती.

मी दहा फेऱ्या मारल्या आणि गाड्या लावायच्या छपरात आलो. इब्राहिमभाई, ज्यांनी आमच्या सगळ्यांच्या गाड्या भंगारातून बांधल्या होत्या, ते पाना पुसत होते. पद्मजा वही घेऊन आली.

“पहिल्या वळणाला तुम्ही कुणापेक्षाही मागं नाही,” ती म्हणाली. “देशिंगकरांच्या बरोबरीनं आहात. दुसऱ्या वळणाला दर फेरीत पाऊण सेकंद जातो. चार फेऱ्यांचे तीन सेकंद. तेवढ्यानंच तुम्ही शेवटचे येता.”

“सांगितलं की मी. कार्ब्युरेटर.”

“तो फक्त दुसऱ्या वळणालाच बिघडतो का?”

इब्राहिमभाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पुसून स्वच्छ झालेला पाना ते परत पुसायला लागले.

“तिथं तुमच्या गाडीचा आवाज बारीक होतो,” मेहरून म्हणाली. “बाकीच्यांचा वाढतो. आम्ही डोळे मिटून ऐकलं.”

“काका,” पद्मजा म्हणाली, आणि ह्या वेळी तिचा आवाज वहीतल्या आकड्यांसारखा नव्हता, “तुम्हाला तिथं भीती वाटते का?”

तीन वर्षं मला हे कुणी विचारलं नव्हतं. विक्रांतनं नाही, साहेबांनी नाही. घरी शालननं, माझ्या बायकोनं नाही. सगळ्यांना कार्ब्युरेटर पुरत होता. इब्राहिमभाईंनी तर तो माझ्या सांगण्यावरून चार वेळा उघडला होता आणि चारही वेळा काही न बोलता परत बसवला होता.

मी एका डब्यावर बसलो. पोरी गोळा झाल्या. आणि मी सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या वळणाला माझी गाडी सरळ गेली. तिथं कुंपणाचा एक लोखंडी खांब आहे, पांढरा रंगवलेला. त्याच्यावर मी आदळलो. गळ्याजवळचं हाड आणि चार बरगड्या. पाच महिने मी घरी पडून होतो. बरा होऊन परत आलो, आणि पहिल्याच फेरीला दुसऱ्या वळणाला माझी मूठ आपोआप सैल सुटली. तेव्हापासून दर वेळी सुटते.

“मी ठरवतो, आज सोडायची नाही,” मी म्हणालो. “आणि खांब दिसला की हात माझं ऐकत नाही.”

कुणी हसलं नाही. शेवटी इब्राहिमभाई बोलले, पण माझ्याशी नाही, पोरींशी. “ह्या गाडीचं उलटं असतं, बेटा. मूठ सोडली की मागचं चाक घसरायचं थांबतं आणि गाडी सरळ खांबाकडं जाते. भीती वाटली तर मूठ अजून पिळायची. त्यालाही ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो.

पद्मजा आणि मेहरून एकमेकींकडं बघत होत्या. मग दोघी बाईंकडं बघायला लागल्या.

“उद्या शाळा सुटल्यावर मैदानावर या,” हिरेमठ बाई म्हणाल्या. “बूट साधे घालून या.”

शुक्रवारी मी गेलो. कारखान्यातनं तसाच गेलो, अंगाला कापसाची भुकटी लागलेली. मैदानावर खो-खोचे दोन खांब रोवलेले. मेहरूननं मला एका खांबापासून वीस पावलांवर उभं केलं.

“जोरात पळत या आणि खांबाला वळसा घालून परत फिरा. वेग कमी करायचा नाही.”

मी पळालो. खांब जवळ आला तसे पाय आपोआप आखडले आणि मी खांबाला हात लावून बैलासारखा वळलो. पोरी ह्या वेळी हसल्या, आणि मलाही हसू आलं.

“कुठं बघत होता?” मेहरूननं विचारलं.

“खांबाकडं. दुसरं कुठं बघणार?”

“तेच. नवीन मुलगी आली की पहिले आठ दिवस खांबावरच आपटते. खांबाकडं बघितलं की पाय खांबाकडंच जातात. खांब बघायचाच नाही. वळल्यावर पुढं जी मुलगी बसलेली असते तिच्या पाठीकडं बघायचं.”

बाईंनी खांबापलीकडं पोरी ओळीनं उकिडव्या बसवल्या. मी परत पळालो. आणि परत. सातव्या खेपेला माझी नजर खांब ओलांडून पलीकडं बसलेल्या एका बुटक्या पोरीच्या लाल रिबिनीवर गेली, आणि खांब कधी मागं पडला ते मला कळलंच नाही. दम लागून मी मातीत बसलो. एकतीस वर्षांचा बाप्या, आणि भोवती चाळीस पोरी टाळ्या वाजवत होत्या. फाटकाबाहेर कारखान्यातली दोन माणसं सायकली थांबवून हे बघत होती. दुसऱ्या दिवशी आपली काय चेष्टा होणार हे मला तिथंच कळलं, आणि तरीही मी उठून आठव्यांदा पळालो.

रविवारी दुपारी ट्रॅकवर पोचलो तर गेटबाहेर रांग. मला वाटलं काहीतरी भांडण झालंय. रांगेत शाळेच्या पोरी, त्यांचे धाकटे भाऊ, आया, एकदोघींच्या तर आज्या. तुकडीतुकडीनं रंगीत कागदाच्या झिरमिळ्या केल्या होत्या. नववी ‘क’नं आपल्या गड्याचं नाव चादरीवर रंगवून आणलं होतं. नेहमीची म्हातारी मंडळी कडेच्या पायरीवर सरकून बसली होती आणि आज एकही पेंगत नव्हता. इंगवले साहेब माईक हातात घेऊन नुसते उभे होते.

मला दोन शर्यती होत्या. पहिलीत मी सुटलो ते चांगला सुटलो. पहिलं वळण दुसऱ्या नंबरवर घेतलं, पाठच्या सरळीवर, म्हणजे दोन वळणांमधल्या सरळ पट्ट्यावर, वारा छातीवर आदळत होता, स्टँडमधून उठलेला गलका इंजिनाच्या वरनं ऐकू येत होता. दुसरं वळण आलं. मी मनात म्हणालो, पलीकडं बघ. पलीकडं होतं काय, नुसती माती आणि आभाळ. नजर टेकायला जागा मिळेना, आणि ती गेली तडक पांढऱ्या खांबावर. मूठ सुटली. चारही फेऱ्यांना सुटली. शेवटचा आलो.

छपरात येऊन मी हेल्मेट काढलं. आठवी ‘ब’च्या पायरीकडं बघायची माझी छाती झाली नाही. इब्राहिमभाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तेवढ्यात कुंपणाच्या जाळीपलीकडून हाक आली, “काका.”

पद्मजा होती. पळत आल्यामुळं धापा टाकत होती.

“खांबाकडं बघितलंत.”

“पलीकडं बघायला काही नाही, पोरी. शाळेत तुम्ही बसला होता. इथं मोकळा माळ आहे.”

ती वळली आणि आली तशी पळत सुटली. लांबून मला दिसलं, ती बाईंशी बोलतेय, बाई साहेबांशी बोलताहेत, साहेब मान हलवून नाही म्हणताहेत, मग हो म्हणताहेत.

माझी दुसरी शर्यत पाच वाजता होती, आणि त्याच शर्यतीत विक्रांत. आम्ही चौघं ट्रॅकवर आडव्या ताणलेल्या सुरुवातीच्या फितीपाशी लागलो. मला सगळ्यात बाहेरची जागा. मी सवयीनं ट्रॅककडं नजर टाकली आणि बघतच राहिलो. दुसऱ्या वळणाच्या बाहेर, कुंपणापासून वीस हात मागं, चढावर आठवी ‘ब’ बसली होती. खो-खोत बसतात तशी, उकिडवी, दोन-दोन हातांचं अंतर सोडून. चाळीस पोरींची एक ओळ, वळणाच्या तोंडापासून पार सरळीपर्यंत. एका टोकाला हिरेमठ बाई, ओठात शिट्टी.

फीत उडाली.

पहिल्या वळणात चारही गाड्यांची माती एकमेकांच्या तोंडावर. मी तिसरा बाहेर पडलो. पाठची सरळी संपत आली. आणि तेवढ्यात ओळीतली पहिली पोरगी उठून उभी राहिली. ती मेहरून होती. ती उभी राहिली आणि तिनं शेजारणीच्या पाठीवर हात मारला. दुसरी उठली. तिसरी उठली. त्या ओरडत काय होत्या ते मला हेल्मेटमध्ये ऐकू येणं शक्य नव्हतं, पण चाळीस पोरी तोंड उघडून एकच अक्षर ओरडताहेत हे दिसत होतं. खो. खो. खो. माझ्यापुढं दोन पावलं ती लाट वळणाभोवती पळत होती, आणि माझी नजर तिच्या मागं पळत होती. चौथी, सातवी, दहावी. डावा पाय मातीत, मागचं चाक बाहेर, मूठ पिळलेली. पांढरा खांब कुठं गेला मला ठाऊक नाही. लाल रिबिनीची ती बुटकी पोरगी शेवटी बसली होती. ती उठली, आणि मी सरळीला होतो. पुढं असलेला गडी माझ्या मागं पडलेला होता.

स्टँडमध्ये काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला.

दुसऱ्या फेरीला त्या परत बसल्या होत्या. मी आलो तशा परत उठल्या. ह्या वेळी मी मूठ अजून थोडी पिळली. गाडी माझ्या खाली अशी वळली की माझं मलाच हसू फुटलं, हेल्मेटमध्ये एकटाच हसत होतो. तिसऱ्या फेरीला विक्रांतच्या चाकाची माती माझ्या काचेवर यायला लागली. तो मागं बघायचा नाही कधी. त्या दिवशी त्यानं बघितलं. शेवटच्या वळणाला तो आत, मी बाहेर, माझं कोपर कुंपणापासून हातभर अंतरावर. पोरी आता नुसत्या उठत नव्हत्या, उड्या मारत होत्या. आम्ही दोघं एकदमच सरळीला लागलो. रेषा आली. तो अर्ध्या चाकानं पुढं होता.

मी दुसरा आलो. ब्रेक नसल्यामुळं गाडी लगेच थांबत नाही, एक फेरी जादाची मारावीच लागते. त्या फेरीला मी दुसऱ्या वळणाशी पोचलो तर चढावर आठवी ‘ब’ दिसेचना. नववी, दहावी, धाकटे भाऊ, आया, सगळा स्टँड तिकडं धावला होता आणि पोरी त्या गर्दीत बुडाल्या होत्या. दहावी ‘अ’च्या पोरींनी तर स्वतःचा गडी जिंकलेला असताना आमच्याकडच्या पोरींना खांद्यावर घेतलं होतं.

छपरात येऊन मी गाडी टेकवली. विक्रांत आला, त्यानं हातमोजा काढून हात पुढं केला आणि म्हणाला, “पुढच्या रविवारी मला बाहेरची जागा घ्यायला लागणार वाटतं.” इब्राहिमभाईंनी माझ्या सुटावरची माती स्वतःच्या हातानं झाडली, मागून, पुढून, लहान पोराची झाडावी तशी.

माझ्या सुटाच्या आतल्या खिशात एक कागद होता. मी तो शनिवारी दुपारी कारखान्यात बसून लिहिला होता. साहेबांच्या नावे, क्लब सोडत असल्याचा. शाळेच्या मैदानावर जमलं तरी ट्रॅकवर जमणार नाही असं मला आतून वाटत होतं, आणि पोरींसमोर एवढा एक रविवार काढावा आणि गुपचूप निघून जावं असं मी ठरवलं होतं. शालनलाही सांगितलं नव्हतं. घामानं तो कागद आता भिजून मऊ झाला होता.

जाळीपलीकडं पद्मजा उभी होती. वेणी सुटलेली, गुडघ्यांना माती. मागं बाई शिट्टी वाजवून पोरी मोजत होत्या, कारण शाळेची बस निघायची होती.

का कोण जाणे, मला तिच्याशी खोटं वागवेना. मी म्हणालो, “पद्मजा, मी आजपासून सोडणार होतो. चिठ्ठीसुद्धा लिहिलीय.”

तिनं कपाळाला आठी घातली. “कुणाला सांगितलंय?”

“कुणालाच नाही. तुलाच पहिल्यांदा.”

ती विचार करायला लागली. मागून बाईंनी तिचं नाव घेऊन हाक मारली. तिनं बसकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“आज नको,” ती म्हणाली. “आज वेळ नाही आणि ह्यावर वर्गात बोलावं लागेल. पुढच्या रविवारी बघू. तुम्ही या फक्त.”

“येतो,” मी म्हणालो.

ती बसकडं पळाली. मी त्यानंतर सहा हंगाम गाडी चालवली.